डिस्चार्जच्या आधी एक पाजणं पूर्ण बघा : प्रसूतिगृहांतल्या डॉक्टर आणि सिस्टरांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या सगळ्या प्रसूतिगृहांतले डॉक्टर, सिस्टर आणि मावशी यांना,

सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. गेल्या आठवड्यात माझ्या मुलीची उष्टावण झाली. मामानं मांडीवर घेऊन तिला खिरीचं बोट चाटवलं, तिनं तोंड वेडंवाकडं केलं आणि सगळे हसले. मलाही हसू आलं, पण पाठोपाठ डोळे भरून आले. त्या खिरीच्या आधीचे सहा महिने, पहिले काही आठवडे सोडले तर, ती निव्वळ माझ्या अंगावरच्या दुधावर वाढली होती. आणि ती दोन दिवसांची असताना मला सांगितलं गेलं होतं, "ताई, तुम्हाला दूध नाहीये. नातेवाइकांना पावडर आणायला सांगा."

या एका वाक्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

आधी सांगते, ज्या दवाखान्यात मी बाळंत झाले, तिथल्या कुणाशीही माझं भांडण नाही. बाळाचे ठोके कमी व्हायला लागले तेव्हा डॉक्टरांनी वेळ न दवडता सिझर केलं. आज मी आणि माझी मुलगी धडधाकट आहोत, ते त्यांच्यामुळे. ते ऋण मी मानते. ज्या सिस्टर ते वाक्य बोलल्या, त्या त्या रात्री पूर्ण वॉर्डात एकट्या होत्या. एकीचं सलाईन, दुसरीचा ताप, तिसरीला कळा सुरू झालेल्या. त्यांच्या पायाला क्षणाची उसंत नव्हती, ते मी पडल्या पडल्या बघत होते.

ती दुसरी रात्र होती. बाळ संध्याकाळपासून रडत होतं. छातीशी घेतलं की दोन मिनिटं चोखायचं, सोडायचं, पुन्हा रडायचं. मला कुशीवर वळता येत नव्हतं, टाक्यांना ओढ बसत होती. आई स्टुलावरून वाकून बाळाला माझ्यावर धरत होती आणि तिचे हात भरून येत होते. सिस्टर आल्या. त्यांनी दोन बोटांनी छाती दाबून पाहिली. पिवळसर, चिकट असा एकच थेंब आला. त्यांनी तो बघितला, ते वाक्य म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. सगळं मिळून मिनिटभरही लागलं नसेल.

रात्री दोन वाजता माझा भाऊ मोटारसायकल काढून मेडिकल शोधत गेला. डबा आला. आईनं वाटी-चमचा उकळून घेतला आणि बाळाला तीस मिली पाजलं. बाळ झोपलं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. त्या झोपेचा अर्थ आम्ही सगळ्यांनी एकच लावला : खरंच दूध नव्हतं, पोर उपाशी होती.

डॉक्टर, तुम्हाला माहीत आहे की तो अर्थ चूक होता. मला माहीत नव्हतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत चीकच येतो, तो थेंबाथेंबानंच येतो आणि तेवढाच यायचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी जेमतेम चमचाभर दूध पुरतं, हेही नाही. दुसऱ्या रात्री बरीचशी बाळं अशीच सारखी छातीशी येतात, सोडतात, पुन्हा येतात, आणि त्या ओढण्यामुळेच दूध उतरायला लागतं. सिझर झालेल्या बाईला दूध उतरायला एखादा दिवस जास्त लागू शकतो. तो पिवळा थेंब म्हणजे दूध नसल्याचा पुरावा नव्हता. सगळं ठीक चाललंय, याची ती खूण होती.

आमच्याकडे गाय व्याली की चिकाचा खरवस करून शेजारीपाजारी वाटतात. चीक म्हणजे काय, तो किती ताकदीचा, हे खेड्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. पण बाईचा चीक 'घाण दूध' म्हणून पिळून टाकायची रीत माझ्या आजीच्या काळापर्यंत होती. आजी स्वतःच हे सांगते. आता कुणी पिळून टाकत नाही. पण त्या थेंबाला आपण मोजतही नाही.

घरी आल्यावर ते वाक्य आमच्या आधी घरात पोचलेलं होतं.

बाळंतिणीला भेटायला येणारी प्रत्येक बाई उंबऱ्यातूनच विचारायची, "दूध येतंय का गं?" आणि मी काही बोलायच्या आत कुणीतरी उत्तर द्यायचं, "नाही ना, दवाखान्यातच सांगितलंय, वरचं चालू आहे." मग उपाय सुरू व्हायचे. अळिवाची खीर, खारीक-डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी, शेपूची भाजी, शतावरी घातलेलं दूध दोन वेळा. सासूबाईंनी मेथीचे लाडू करून एसटीनं पाठवले. आत्यानं मीठ-मोहऱ्या उतरवल्या. पाचवीला सटवाईची पूजा झाली, तेव्हा आईनं माझ्या लेकीच्या नशिबासाठी हात जोडले आणि पाटावर वही-पेन ठेवताना हळूच म्हणाली, "हिच्या आईला दूध येऊ दे." यातल्या एकाही गोष्टीला मी नावं ठेवणार नाही. त्या लाडवांनी माझ्या अंगात बळ भरलं आणि त्या बायकांनी मला जपलं. पण सगळ्यांचं लक्ष माझ्या ताटाकडे होतं. बाळाच्या तोंडाकडे कुणी बघितलंच नाही.

मला दूध उतरलं चौथ्या दिवशी. छाती दगडासारखी झाली, काखेपर्यंत ठणका गेला, अंगात कसकस आली. तेव्हाही मला वाटत होतं की मला दूध नाही. कारण बाळ ओढायचं, रडायचं आणि मग डब्यातलं पिऊन झोपायचं. तोवर वाटी-चमच्याच्या जागी बाटली आली होती, कारण बाटली सोपी. प्रत्येक बाटलीबरोबर बाळ माझ्याकडे एक वेळ कमी येत होतं आणि एक वेळ कमी ओढलं की शरीर तेवढं कमी दूध करत होतं. दोन्ही बाजूंच्या बोंडांना चिरा पडल्या होत्या. पाजायची वेळ झाली की मला घाम फुटायचा. एकदा बाळानं तोंड सोडलं तेव्हा तिच्या ओठाला माझं रक्त लागलेलं दिसलं. मी ते आईला दिसू नये म्हणून दुपट्यानं पुसून टाकलं.

मी माझ्या बाळाला घाबरायला लागले होते. भुकेनं ती उठली की माझ्या पोटात गोळा यायचा. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आज लिहिते आहे, कारण तुमच्या वॉर्डातून घरी गेलेल्या कितीतरी बायका आत्ता या क्षणी त्याच भीतीत बसलेल्या असतील आणि त्यांनी पुसून टाकलेलं रक्त कुणाला दिसलेलं नसेल.

नवव्या दिवशी आमच्या गावच्या आशाताई आल्या. सातव्या दिवशीच यायच्या होत्या, पण त्यांच्या स्वतःच्या घरी कुणी आजारी होतं. त्यांनी झोळीच्या काट्यानं बाळाचं वजन केलं. जन्माच्या वेळी दोन किलो नऊशे होतं, आता दोन किलो सातशे. त्यांनी वहीत नोंद केली, माझ्याकडे बघितलं आणि बाळाला काय पाजता, कसं पाजता, असं काहीच न विचारता फक्त म्हणाल्या, "लय दुखतंय काय गं?" मी रडायला लागले. त्यांनी लगेच उपकेंद्रातल्या सिस्टरना फोन लावला.

त्या सिस्टर दुपारी आल्या. पन्नाशीच्या असतील. न्हाणीत जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, माझ्या शेजारी सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आधी तुमची तुम्ही पाजा. मी नुसती बघते."

नुसती बघते. नऊ दिवसांत हे मला पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं. दवाखान्यात डॉक्टर दिवसातून दोनदा येत, टाके बघत, बीपी बघत, बाळाचे डोळे आणि बेंबी बघत. पण पाजताना मला कुणीही बघितलं नव्हतं.

मी नेहमीसारखी वाकून, छाती हातात धरून बाळाच्या तोंडात दिली. दातओठ खाल्ले. सिस्टर म्हणाल्या, "दुखतंय?"

"हो."

"मग तोंड चुकलंय. दूध नाही चुकलं."

त्यांनी करंगळी बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवली, बाळाची पकड हलकेच सोडवली आणि मला दाखवलं. माझं बोंड एका बाजूनं चपटं झालं होतं, तिरक्या निबासारखं. "बघा, ही नुसतं बोंड चावतीय. दूध बोंडात नसतं, त्याच्या मागं असतं. मागचा काळा भाग तोंडात गेला पाहिजे."

मग त्यांनी मला भिंतीला पाठ टेकून बसवलं, पायाखाली पाट दिला, मांडीवर उशी ठेवली. बाळाला माझ्याकडे वळवलं, नुसतं तोंड नाही, सगळं अंगच. पोटाला पोट. कान, खांदा, कंबर एका रेषेत. "तुम्ही बाळाकडे वाकू नका, बाळाला तुमच्याकडे आणा." बाळाचं नाक बोंडासमोर आलं. बोंड वरच्या ओठाला लावलं. "आता थांबा. घाई नाही. तिला जांभई दिल्यासारखा मोठा आ करू दे." आम्ही तिघी थांबलो. आशाताई, सिस्टर, मी. बाळानं दोनदा डोकं हलवलं, कुरकुर केली आणि मग एकदम तोंड उघडलं. त्याच क्षणी सिस्टरनी बाळाची पाठ माझ्याकडे ढकलली. आधी हनुवटी टेकली, मग खालचा ओठ बाहेर दुमडला.

दुखलं नाही.

मला ते खरं वाटेना. मी वाट बघत होते की आता कळ येईल, आता येईल. बाळाच्या कानापाशी जबडा हलत होता, सावकाश, लयीत. दोन-तीनदा ओढायची, थांबायची आणि घशातून अगदी बारीक आवाज यायचा, गिळल्याचा. नऊ दिवसांत तो आवाज मी ऐकला नव्हता. दुसऱ्या बाजूनं दूध आपोआप टपकायला लागलं आणि माझा परकर भिजला. सिस्टर म्हणाल्या, "पान्हा फुटला बघा." बाळाची मूठ मघापासून माझ्या छातीवर आवळलेली होती. ती हळूहळू सैल झाली, एकेक बोट सुटत गेलं आणि शेवटी तळवा उघडा पडला.

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. ती काही बोलली नाही. पदर तोंडाला लावून आत गेली.

या सगळ्याला पंचवीस मिनिटं लागली. मी घड्याळ बघितलं होतं.

त्यानंतर डब्यावरून पूर्ण सुटायला आम्हाला तीन आठवडे लागले. सिस्टरनी सांगितलं तसं चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचं, रात्रीचं पाजणं चुकवायचं नाही, वरचं एकेक वेळेनं कमी करायचं आणि जे द्यायचं ते बाटलीनं नाही, तर बोंडल्यानं, म्हणजे चोच असलेल्या छोट्या वाटीनं. बोंडलं आजीच्या ट्रंकेत निघालं, चांदीचं, माझ्या मामाला पाजलेलं. दिवसाला सहा लंगोट ओले झाले की पोट भरतंय असं समजायचं. मी कॅलेंडरवर रोज रेघा मारत होते. सोळाव्या दिवशी वजन जन्माएवढं भरलं आणि थोडं वरही गेलं.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. पहिलीत नवीन आलेलं पोर पेन्सिल चुकीची धरतं. मुठीत धरतं, नाहीतर अगदी टोकाशी. त्याचं अक्षर उमटत नाही. त्याला 'तुला अक्षर नाही' असं म्हणून दुसरीकडे वळणारी बाई शिक्षिका म्हणवून घ्यायच्या लायकीची नाही. आम्ही मागे उभे राहतो, त्याचा हात आपल्या हातात घेतो, बोटं नीट बसवतो आणि 'ग' गिरवून घेतो. एकदा, दोनदा, दहादा. फळ्यावर पेन्सिल कशी धरायची याचं सुंदर चित्र काढून भागत नाही. तुमच्या भिंतीवर चित्र होतं. आई, बाळ, कमळ आणि 'आईचं दूध अमृत'. माझ्या खाटेसमोरच होतं. दोन रात्री मी तेच बघत पडले होते. त्यानं मला इतकंच सांगितलं की बाकी सगळ्या आयांकडे अमृत आहे आणि माझ्याकडे नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. बाईला घरी सोडण्याआधी तिचं एक पाजणं पूर्ण बघा. सुरुवातीपासून बाळ आपण होऊन सोडेपर्यंत. जिला यातलं कळतं अशा कुणीतरी शेजारी बसून बघा. आणि तसं बघितल्याशिवाय कुठल्याही बाईला 'तुला दूध नाही' असं म्हणू नका.

हे मी तुमच्याकडेच का मागते आहे? कारण बाळंतपण आता तुमच्याकडेच होतं. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. पण जन्मल्यापासून तासाभरात आईच्या अंगावर घेतलेली बाळं किती? ४१.८ टक्के. हे दोन आकडे मी पहिल्यांदा शेजारी शेजारी वाचले तेव्हा बराच वेळ तशीच बसून राहिले. पूर्वी म्हणता यायचं की घरी, अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हातून बाळंतपण होतं, चीक टाकून देतात, मध चाटवतात, मग काय होणार. आता तो पहिला तास तुमच्या भिंतींच्या आत जातो. त्याच सर्वेक्षणात खासगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझर आहेत. सिझर झालेल्या बाईला जास्त मदत लागते आणि तीच सगळ्यांत एकटी पडते. पाठीत इंजेक्शन देऊन केलेल्या सिझरमध्ये आई जागी असते, बाळ टेबलावरच तिच्या छातीवर ठेवता येतं. माझं बाळ माझ्याकडे पाच तासांनी आलं. काही अडचण नव्हती. कुणाच्या डोक्यात आलं नाही, इतकंच.

नवं काही मागते आहे असंही नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९१ मध्ये बालस्नेही दवाखान्यांची मोहीम सुरू केली. आईला पाजायला प्रत्यक्ष मदत करणं आणि वैद्यकीय कारणाशिवाय बाळाला वरचं काही न देणं, हे तिच्या दहा पायऱ्यांतच आहे. आपल्या केंद्र सरकारचा स्तनपानासाठीचा 'मां' कार्यक्रम २०१६ पासून आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या दारावर स्तनपान सप्ताहाचे फलक लागतात, ते मी दरवर्षी बघते. फलकापासून खाटेपर्यंतचं अंतर तेवढं उरलंय.

तुम्ही म्हणाल, माणसं कुठं आहेत? रात्री एक सिस्टर आणि पंधरा खाटा. हे खरं आहे, आणि सिस्टरांची संख्या वाढवणं ज्यांच्या हातात आहे त्यांनीही हे पत्र वाचावं. पण सगळं डॉक्टरांनी किंवा सिस्टरांनीच करायला हवं असं नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं गडचिरोलीत काय केलं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायकांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं. त्या घरोघरी गेल्या, पाजायला मदत केली, जंतुदोष ओळखला. ३९ गावांत नवजात मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं आणि १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी दारात येतात, त्यामागे तेच काम आहे. त्या बायका जर हे शिकू शकल्या, तर तुमच्या वॉर्डातल्या मावशी का शिकणार नाहीत? त्या रात्रभर जाग्या असतात. बाळंतिणीला त्यांची भीड वाटत नाही. फरशी पुसता पुसता त्या बाळ रडल्याचं कुणाहीआधी ऐकतात. त्यांना शिकवा, त्याचे चार पैसे जास्त द्या आणि 'हे तुमचं काम' असं मानानं सांगा.

दुसरं, डिस्चार्ज कार्ड. माझं अजून जपून ठेवलंय. त्यावर टाके कधी काढायचे, गोळ्या कुठल्या, बाळाला बीसीजी, पोलिओ आणि काविळीची लस दिली, पुढची तारीख कोणती, सगळं आहे. पाजण्याबद्दल एक ओळ नाही. त्यावर एक रकाना वाढवा. 'पाजताना पाहिलं', त्यापुढे तारीख, वेळ आणि बघणारीची सही. मी सरकारी शाळेत नोकरी करते. रकाना असला की काम होतं, हे मी रोज अनुभवते.

आता पावडरच्या डब्याबद्दल, कारण इथे मला फार सांभाळून लिहायचं आहे. मी डब्याच्या विरोधात नाही. काही बाळं फार लहान जन्मतात, काहींची साखर उतरते, काही आया आयसीयूत असतात, काही आयांना खरोखरच दूध कमी येतं. त्या बाळांना वरचं लागतं आणि ते वेळेवर मिळालंच पाहिजे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी केली, ती अशाच बाळांसाठी. तशा पेढ्या जिल्ह्याजिल्ह्यात व्हाव्यात असं मला फार वाटतं. माझ्या शाळेतल्या एका सहकारी बाईंना दोन्ही बाळंतपणांत दूध आलं नाही. त्यांनी सगळं करून बघितलं. त्यांची मुलं आज गुणी आहेत, हुशार आहेत, आणि तरी त्या अजून 'मी कमी पडले' असं म्हणतात. हे पत्र वाचून त्यांच्यासारख्या एकाही आईला टोचणी लागू नये. जिचं पाजणं कुणी नीट बघितलं, मदत केली आणि मग ठरलं की वरचं द्यावं लागेल, ती आई निदान शांत मनानं तो डबा उघडेल. माझ्यासाठी तो मिनिटभरात ठरला होता.

आणि त्या डब्यावरही, कायद्यानं लिहावं लागतं म्हणून, आईचं दूधच बाळासाठी उत्तम असं छापलेलं होतं. १९९२ चा कायदा, २००३ मध्ये आणखी कडक केलेला, दोन वर्षांखालच्या बाळांच्या पर्यायी दुधाची जाहिरात करायला मनाई करतो, आयांना नमुने वाटायला मनाई करतो, आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी द्यायलाही मनाई करतो. इतका कडक कायदा आपल्याकडे आहे, कारण अशा वेळी आई-बाप किती हतबल असतात हे तो करणाऱ्यांनी ओळखलं होतं. पण रात्री दोन वाजता वॉर्डातून आलेल्या एका वाक्यासमोर कुठली जाहिरात टिकणार? पांढरा कोट आणि पांढरी साडी यांच्यावर आमचा विश्वास आहे. तुम्ही म्हणाल ते आम्ही करतो. म्हणून तर हे तुम्हाला लिहिलं.

शेवटी एक घरचं. माझ्या धाकट्या बहिणीला आठवा महिना लागलाय. पहिलंच आहे, म्हणून ती माहेरी आलीय आणि तिचं नाव त्याच दवाखान्यात नोंदवलंय, जिथे मी बाळंत झाले. तिथेच नोंदवायचं असा आग्रह मीच धरला, कारण त्या डॉक्टरांच्या हातावर माझा विश्वास आहे. रात्री तिच्या खाटेशेजारच्या स्टुलावर मी बसणार आहे. बाळ रडेल तेव्हा मी तिला भिंतीला टेकवून बसवीन, पायाखाली पाट घेईन आणि बाळाचा आ मोठा होईपर्यंत थांबायला सांगीन. मला जेवढं येतं तेवढं मी करीन. पण माझा हात चुकू शकतो, मी काही शिकलेली नाही. तेव्हा तुमच्यापैकी जे कुणी त्या रात्री पाळीवर असाल, तुम्ही पंचवीस मिनिटं काढून आमच्याजवळ येऊन बसा.

तुमची,
एक बाळंतीण
जिल्हा सांगली